दहाला दहा कमी

"लिही तुझंच राज्य," दादा म्हणाला आणि कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

मी पेन हातात धरून बघतच राहिले. वर्षभर मी त्याच्या मागे लागले होते आणि दर वेळी हा नुसतं "बघू" म्हणायचा. आज त्याला पटवायला म्हणून मी चांगली चार पानांची यादी करून आणली होती, दोन रकाने आखून. तर यादी ऐकायच्या आधीच गडी हो म्हणून मोकळा. इतकी तयारी वाया गेल्याचं मला खरं तर थोडं वाईटच वाटलं.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक नदी आहे. पुलाच्या अलीकडे त्याचं राज्य, पलीकडे माझं. बसने दीड तास. दादा जन्मापासून आंधळा. चौतीस वर्षं त्याने एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. आता कायमचं कुठे राहणार आणि अंधांच्या सवलती कोणत्या राज्याकडून घेणार, ते फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. एकदा लिहिलं की बदलता येणार नाही, असं खाली जाड अक्षरात छापलं होतं. आमच्याकडे अंध माणसाला प्रवास फुकट, दवाखान्यात रांग नाही, घरी मदतनीस. त्याच्या राज्यात काय, तर एक पांढरी काठी, तीही अर्जाला चार स्मरणपत्रं जोडल्यावर. शिवाय आमच्याकडे सख्खी बहीण. मी यादीत ते सगळ्यात वर लिहिलं होतं.

"आल्यावर सही करतो," तो काठी घेत म्हणाला. "दहाला दहा कमी झाले असतील."

भिंतीवरच्या घड्याळात बरोबर तेवढेच झाले होते. नोकरी संपली तरी स्वारीने वेळ सोडली नव्हती. रोज हॉस्पिटलात जायचं, बोर्डावर आलेल्या नव्या बाईंशी दोन गोष्टी बोलायच्या आणि परत यायचं. आई होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझा लेक कुणाचा हात न धरता कामावर जातो." मी मात्र त्याला एकट्याने जाताना कधी पाहिलं नव्हतं. मी यायची ती सुट्टीच्या दिवशी, आणि तेव्हा माझा हात असायचाच. म्हणून त्या दिवशी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

दादा अजून जिन्यातच होता. खाली फळवाल्याने अर्ध्या फुटपाथवर पेट्या मांडल्या होत्या. त्याने घड्याळ बघितलं, गिऱ्हाईकाला हातानेच थांबवलं आणि पेट्या एकेक करून आत ओढल्या. पलीकडच्या इस्त्रीवाल्याने टेबल भिंतीला लावलं. सायकल दुरुस्त करणाऱ्याने उघडं चाक, पाने, तेलाचा डबा सगळं पायानेच गोळा केलं. समोरच्या इमारतीतून एक जाड्या बाई एका पायात चप्पल घालून धावत आल्या आणि वाटेत लावलेली स्कूटर ढकलत बाजूला घेऊन गेल्या. कुणी चकार शब्द बोललं नाही. मग दादा खाली आला आणि काठी टेकवत मोकळ्या फुटपाथवरून ताठ मानेने चालत गेला. त्याचे ओठ हलत होते. पावलं मोजत असेल, असं मला वाटलं.

तो कोपऱ्यावरून वळला तशा पेट्या पुन्हा बाहेर आल्या. फळवाल्याने वर बघितलं, मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दादा अकराला परत आला तोपर्यंत मी गॅलरीतच होते. फॉर्म टेबलावर तसाच पडला होता. गप्प बसणं हा माझा विषय नाही, पण मी शर्थ केली.

"वाटेत काही अडचण नाही ना आली?"

"कसली अडचण?" तो खुर्चीत बसला. मग हसला. "पाहिलंस वाटतं."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"आंधळा आहे मी, चिमे. बहिरा नाही. पेट्या फरशीवरून ओढल्या की ऐकू येतं. त्या इस्त्रीच्या टेबलाची चाकं तर काय किंचाळतात."

"कधीपासून?"

"एकदा भर दुपारी निघालो होतो, औषध आणायला. टेबल लागलं, गुडघा फुटला. इस्त्रीवाला बिचारा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. चूक माझी, आणि लाज त्याला. तेव्हा लक्षात आलं, रोज जे मोकळं लागतं ते आपोआप मोकळं नसतं. त्यानंतर मी वेळ चुकवली नाही. अवेळी निघायला लागलो तर त्यांना दिवसभर पाळत ठेवावी लागेल."

"आणि पावलं मोजतोस ती?"

"पावलं कशाला मोजू? आभार मानतो एकेकाचे, मनातल्या मनात. फळवाले, इस्त्रीवाले, सायकलवाले, स्कूटरवाल्या बाई. तू बोलू नकोस हं त्यांच्यापाशी. मला कळतं हे समजलं तर अवघडतील."

दोन्हीकडून माझंच तोंड बंद केलेलं. मला एकाएकी त्याचा रागच आला.

"आणि हे सगळं सोडून तू माझ्याकडे येणार होतास? कशाला? फुकटच्या बसपायी?"

त्याने काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"मेहुणे गेल्यापासून तू रोज फोन करतेस," तो म्हणाला. "'दादा, जेवलास का' एवढं विचारतेस आणि पुढे पाऊण तास तूच बोलतेस. घरात बोलायला कुणी नाही तुला. ते काही तू यादीत लिहिलं नसशील."

लिहिलं नव्हतं. मला रडू आलं. दादासमोर आवाज न करता रडलं की त्याला कळत नाही, असा लहानपणापासून माझा समज होता. त्याने हात पुढे केला आणि बरोबर माझ्या डोक्यावर ठेवला.

डोळे पुसून मी पेन उचललं, रिकामी जागा भरली आणि सहीच्या रेघेवर पट्टी धरली. त्याने पट्टीच्या कडेने सावकाश सही केली. फॉर्म पाकिटात घालून मी ते चिकटवलं आणि मगच सांगितलं.

"तुझं राज्य लिहिलंय. आता बदलता येत नाही. खाली छापलंय तसं."

"अगं, मग तुझं काय?"

"खालची खोली रिकामी आहे ना तुमच्या इमारतीतली? दार रस्त्यावर उघडतं ती?"

माझं घर आवरायला तीन महिने लागले. तीस वर्षांचा संसार होता. यांच्या चष्म्याचं घर मी तीनदा टाकायला काढलं आणि तीनदा परत ठेवलं. शेवटी बरोबर घेऊन आले. पुलावरून सामानाचा टेम्पो इकडे आला तेव्हा मी मागे वळून बघितलं नाही असं सगळ्यांना सांगते. ते खरं नाही.

आल्यावर चौथ्या दिवशी मी सकाळी उंबरा धूत होते. बादली बाहेर फुटपाथवर होती. रस्त्यावर नेहमीचा गलबला होता, आणि एकदम फळवाला पेट्या ओढायला लागला. मी मान वर करून घड्याळ बघितलं. जिन्यावर काठीचा आवाज आला. मी धावत जाऊन बादली आत ओढली, पाणी माझ्याच पायांवर सांडलं, आणि दाराच्या आड श्वास रोखून उभी राहिले.

दादा बाहेर आला. माझ्या दारासमोरून ताठ मानेने पुढे गेला. जाताना त्याचे ओठ हलले. फळवाल्याचं दुकान अजून दहा पावलं पुढे होतं.