खुर्चीवरून उठण्याचा प्रसंग

लेखकाच्या राजकीय पटकथेला चित्रपट परीक्षण मंडळाने तीनदा नकार दिला होता. लबाड मंत्री, चोरून ऐकलेले फोन, गायब झालेला अहवाल, मंडळाला काही म्हणजे काही पचेना. शेवटी निर्मात्यानेच शक्कल लढवली. "तुझ्या त्या टायपिस्ट नायिकेला सुपरहिरोचा झगा घाल आणि उडव आकाशात," तो म्हणाला. "मग बघ गंमत."

लेखकाने मुकाट्याने तिला झगा घातला. मंत्र्याला परग्रहावर धाडलं, अहवालाचा निळा दगड केला. बंद दाराआडच्या बैठका, फोडाफोडी, पाळत मात्र स्वल्पविरामासकट तशीच राहिली.

एका प्रसंगाला मात्र त्याने हात लावला नाही. टायपिस्टला शक्ती मिळण्याआधीचा तो प्रसंग. साहेब म्हणतो, "लिही, पूल भक्कम होता." ती टाइपरायटरमधून कागद ओढून काढते, खुर्चीवरून उठते आणि निघून जाते. बस्स, एवढंच. हे त्याच्या आईने खरोखर केलं होतं. पूल पडला होता, आईची नोकरीही गेली. तेव्हापासून तीस वर्षं मावशी तिला "हातची नोकरी घालवलीस, वेडाबाई" म्हणून टोचत आली होती. आईने स्वतःला एकदा पडद्यावर पाहावं, एवढ्यासाठी त्याने तो झगा सहन केला होता.

मंडळाने चित्रपट पाहिला. शहर बेचिराख झालं, मंत्र्याचा महाल कोसळला, तेव्हा अध्यक्षांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"फर्स्टक्लास! फक्त ते खुर्चीवरून उठणं काढा."

"अहो, पंधराव्या मजल्यावरून उडी मारते ती! ते चालतं?" लेखकाने विचारलं.

"उडायला कोणाला येतंय? उठायला सगळ्यांना येतं. उद्या आमच्याच ऑफिसात सुरू झालं तर?"

कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या स्टेनोबाईंचं पेन थांबलं.

"तो प्रसंग काढलात, तर माझं नावही काढा," लेखक म्हणाला. निर्मात्याने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

तेवढ्यात स्टेनोबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, धोकादायक कसरती असल्या की आपण खाली सूचनेची पट्टी टाकतो ना? तशी टाकली तर?"

अध्यक्ष खूश झाले. नियमात बसत होतं. त्यांनी मजकूर तिथल्या तिथे सांगितला आणि बाईंनी तो अगदी मन लावून लिहून घेतला.

पहिल्या दिवशी लेखक आईला आणि मावशीला घेऊन थिएटरात गेला. तो प्रसंग आला. पडद्यावरची टायपिस्ट उठली आणि खाली ठळक पट्टी सरकू लागली. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची आईची सवयच होती. तिने वाचलं, "हा प्रकार अत्यंत धोकादायक असून प्रशिक्षित व्यक्तीने केला आहे. घरी किंवा कार्यालयात करून पाहू नये."

आजूबाजूला हशा पिकला. लेखकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या आयुष्यातला तो एक क्षण, आणि आपण त्याचा पोरखेळ करून ठेवला.

मावशी मात्र हसली नाही. पट्टी निघून गेली तरी ती तिथेच बघत होती. मग तिने बहिणीचा हात धरला.

"ताई, इतकं अवघड होतं का गं ते?"

"प्रशिक्षित कसली डोंबलाची," आई म्हणाली. "पाय लटलट कापत होते माझे."