तिसाव्या दिवसाचा फोन

मोठ्या सिस्टर नाकावर माशी बसू देत नसत. बत्तीस वर्षं त्यांनी सर्जरीचा वॉर्ड चालवला होता, आणि तिथल्या चादरीसुद्धा त्यांना वचकून असतात, असं नर्सेस पाठीमागे म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते सुखात काढायचे, एवढाच त्यांचा बेत होता.

त्यात नव्या सर्जनबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी जुने अहवाल काढले. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीच्या रकान्यात गेल्या महिन्यात शून्य. त्याच्या आदल्या महिन्यात शून्य. त्याच्याही आदल्या महिन्यात तेच.

"इतकं चांगलं हॉस्पिटल मी कुठे पाहिलं नाही, सिस्टर," बाई म्हणाल्या. "पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हे कोण विचारतं?"

कोणीच विचारत नव्हतं. मग ठरलं, की ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करायचा आणि तो जे सांगेल ते वहीत लिहायचं. काम अर्थातच मोठ्या सिस्टरांच्या गळ्यात पडलं.

कुरकुरत त्यांनी पहिला फोन लावला, तो हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका सुताराला.

"जखम ना? दोन आठवडे पू येत होता," सुतार म्हणाला. "घराजवळच्या डॉक्टरांकडून ड्रेसिंग करून घेतलं. आता बरं आहे."

"अहो, मग इकडे का नाही आलात?"

"तुम्ही माझं इतकं केलंत. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सिस्टरांनी ते तसंच वहीत लिहिलं.

दोन महिन्यांत साठ फोन झाले आणि नऊ जखमा चिघळलेल्या निघाल्या. अधीक्षकांचं पित्त खवळलं. बाई येण्याआधी हे असलं काही नव्हतं, या फोनांनी हॉस्पिटलचं नाव खराब होतंय, असं ते उघड म्हणू लागले. शुक्रवारी त्यांनी बैठक बोलावली. कारण सापडलं नाही तर वही बंद होणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

गुरुवारी दुपारी सिस्टर त्या साठ जणांचे केसपेपर घेऊन बसल्या. नऊ जणांचे सर्जन वेगवेगळे, दिवस वेगवेगळे, खाटा वेगवेगळ्या. ऑपरेशनच्या तयारीच्या कागदावर मात्र नऊपैकी आठ ठिकाणी एकच सही होती. त्यांची स्वतःची.

ऑपरेशनच्या जागचे केस आदल्या संध्याकाळी वस्तऱ्याने काढायचे, ही त्यांची खास कामगिरी. कातडी कशी गुळगुळीत झाली पाहिजे. त्या रजेवर किंवा दुसऱ्या कामात असल्या की चष्मेवाली नर्स तेच काम सकाळी केस कापायच्या मशीनने वरवर उरकायची, तेही केस मध्ये येत असतील तरच. कामचोर म्हणून सिस्टरांनी तिला कितीदा तरी फैलावर घेतलं होतं. त्या कामचोर मुलीच्या बावीस पेशंटांत एकच जखम चिघळली होती, आणि सिस्टरांच्या अडतिसांत आठ.

त्यांनी दोनदा मोजून पाहिलं. बत्तीस वर्षांत असे किती झाले असतील, हा विचार आला आणि त्यांना रडू फुटलं. मूग गिळून बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. वही बंद झाली असती आणि निरोपाच्या दिवशी चांगलं चांगलं ऐकून त्या घरी गेल्या असत्या.

त्यांनी डोळे पुसले आणि सुताराला फोन लावला. वस्तऱ्याचं सगळं सांगितलं, उद्याच्या बैठकीचंही. "तुमची जखम बहुतेक माझ्यामुळे चिघळली," असं स्पष्ट म्हणाल्या.

पलीकडे चाललेली करवत थांबली.

"लाकडाचंही तसंच असतं," सुतार म्हणाला. "पॉलिशपेपरने घासलं की हाताला गुळगुळीत लागतं. रंग लावला की मग सगळे ओरखडे वर येतात." मग तो म्हणाला, "दोन आठवडे घरी बसलो होतो, सिस्टर. राग येतोच, खोटं कशाला बोलू? पण उद्या हे तिथे सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे झालं."

शुक्रवारी सिस्टरांनी उभं राहून सांगितलं. आकडे चोख होते.

सर्जनबाई म्हणाल्या, "वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि सकाळपर्यंत त्यांत जंतू वाढतात. हे मला माहीत होतं. पण वॉर्डात तयारी कशी होते, ते बघायला मी एकदाही आले नाही. सिस्टर, वहीत माझंही नाव लिहा."

वही बंद करण्याचा आदेश अधीक्षक टाइप करूनच घेऊन आले होते. तो त्यांनी घडी घालून खिशात टाकला.

सोमवारी मोठ्या सिस्टर चष्मेवालीपुढे मशीन घेऊन उभ्या राहिल्या. "शिकव."

"इतकं दाबू नका, सिस्टर," ती शिकवताना म्हणाली, आणि हे वाक्य तिने त्या दिवशी जरा जास्तच वेळा म्हटलं.

पुढच्या पाच महिन्यांत दीडशे फोन झाले. पाच जखमा चिघळल्या. शून्य नव्हतं, आणि सिस्टरांना त्याचंच बरं वाटलं. शून्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

निवृत्तीला महिना राहिला असताना सुताराचाच फोन आला.

"धाकट्या भावालाही हर्निया झालाय. सगळे दुसरीकडे ने म्हणतात. मी तुमच्याकडे आणतोय."

"सगळं माहीत असून?" सिस्टरांनी विचारलं.

"दुसरीकडे काही बिघडलं, तर आम्हाला फोन कोण करणार?"

सिस्टरांनी ऑपरेशनची तारीख ठरवून दिली आणि कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. तिसावा दिवस त्यांच्या निवृत्तीनंतर पाच दिवसांनी येत होता. त्यांनी वही उघडली आणि त्या फोनासमोर स्वतःचं नाव लिहून ठेवलं.