सिकलसेलचा पिवळा कागद

विहारासमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर ओल्या कापसाच्या दोन बाटल्या, पिवळ्या कागदाच्या पट्ट्या आणि मागे पांढऱ्या कोटातला लटारू. तो एकेकाचा अंगठा ओल्या कापसाने पुसायचा आणि पट्टीवर दाबायचा. कागद रक्तासारखा लाल व्हायचा. बाया तोंडावर पदर घ्यायच्या. "रक्त दूषित आहे. सिकलसेल," लटारू गंभीरपणे सांगायचा आणि हिरव्या औषधाची बाटली पुढे करायचा. महिन्याभराने तोच अंगठा दाबला की कागद पिवळाच राहायचा. "रोग मुळासकट गेला!"

ही १९८६ सालची गोष्ट. मी गोंडपिपरीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. लटारू आमच्याच वस्तीतला, पहिला बी.एस्सी. छप्पन साली आमच्या वडीलधाऱ्यांनी धम्म घेतला, तेव्हापासून अंगात येणाऱ्या कुणाला वस्तीत थारा नव्हता. पण लटारूच्या तोंडी मंत्र नव्हते. 'फॉर्म्युला' होता, 'लॅबोरेटरी' होती, 'दिल्लीची मंजुरी' होती. नागपूरच्या औषध कंपनीत आपण हा शोध लावला, बाजारात यायला अजून दोन वर्षं लागतील, तोवर आपल्या माणसांसाठी आणलंय, असं तो सांगे. लोकांचा ऊर भरून येई.

सिकलसेल आमच्या वस्तीतही होता आणि पलीकडच्या गुड्यात, गोंडांच्या पाड्यातही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, माणूस लोळतो. तो समूळ घालवणारं औषध तेव्हा कुठेच नव्हतं. किती रोग्यांवर तपासलं, असं मी लटारूला विचारलं, तर तो हसून म्हणाला की विज्ञान तुमच्या पुस्तकाच्या फार पुढे गेलंय, सर. आपला पोरगा मोठा झाला तर सरांच्या पोटात दुखतं, असं लोक बोलू लागले.

गुड्यातल्या इसरूची थोरली मुलगी सोमारी. तिचा कागद पिवळा राहिला, तशी इसरूने दवाखान्याची वाट सोडली. पावसाळ्यात तिला ताप भरला, धाप लागली. रोग तर गेलाय, मग हा साधा ताप असेल, म्हणून तो थांबला. शेवटी बैलगाडी जुंपली, पण सोमारी वाटेतच गेली.

लटारू पुढच्या शिबिराला आला तेव्हा इसरू सगळ्यांच्या पुढे बसला होता. पोरीने आंबट खाल्लं, पथ्य मोडलं, औषधाचा दोष नाही, असं लटारूने माईकवरून सांगितलं. मी उठलो आणि म्हणालो, त्याच कापसाने स्वतःचा अंगठा पुसून दाखव. निरोग्यावर रसायन वाया घालवत नसतात, असं तो म्हणाला. लोक माझ्यावरच गुरगुरले.

तेव्हा अंजनाबाई उठली. लटारूची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनेच लोकांच्या शेतात धानाची रोवणी करून, तेंदूपत्ता तोडून त्याला शिकवलं. तिच्या मुलीला, रुखमालाही हाच आजार.

"लटारू, माह्या रुखमाले हे औषध काऊन नाई देल्लं?"

"बाई, तिची केस वेगळी हाये. घरी बोलू."

"इथीच बोल. मले म्हनलास, रुखमाले नागपूरच्या दवाखान्यात ने, तिथल्या गोळ्या बंद नोको करू. अन् इसरूभाऊले म्हनलास, दवाखाना सोड."

लटारू खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुह्या पोरीले वाचवलं ना, बाई."

"म्हून तर समजलं. तुले सारं माहीत होतं."

तिने पहिल्या बाटलीतला कापूस उचलला, भावाचा हात धरला, अंगठा पुसला आणि पट्टीवर दाबला. कागद लालभडक झाला. दुसऱ्या बाटलीच्या कापसाने दुसरा अंगठा पुसला. कागद पिवळाच राहिला.

मी एक पट्टी उचलून वास घेतला. हळद. पहिल्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तिथल्या प्रत्येक बाईने धुणं धुताना पाहिलेलं होतं. हिरवं औषध म्हणजे चिरायत्याचा काढा, साखर आणि रंग, हे लटारूने मग पोलिसांपुढे कबूल केलं. गुण येई तो कशाने? सिकलसेलची कळ येते आणि काही दिवसांनी आपोआप ओसरते. श्रेय बाटलीला.

त्या दिवशी अंजनाबाई भावाबरोबर घरी गेली नाही. इसरूच्या बायकोजवळ जाऊन बसली.

शिकलेल्यावर भरोसा ठेवायचाच नाही का, असं इसरूने मला विचारलं. मी म्हणालो, भरोसा पदवीवर नको, कोटावरही नको. खरं औषध आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ रोग्यांवर तपासतात. काहींना औषध देतात, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं, तेही त्यांच्या संमतीने. दोन्ही गटांत फरक पडला आणि अपाय झाला नाही, तरच ते बाजारात येतं. आपोआप बरं होणारं दुखणं तिथे उघडं पडतं. म्हणून घाई करणाऱ्याला आधी या तपासणीबद्दल विचारायचं.

दिवाळीनंतर गुड्यात रक्त तपासायला एक डॉक्टरीण आली. माणसं लांबच उभी राहिली. इसरू धाकट्या मुलीला घेऊन पुढे गेला आणि गोळ्यांच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, हे कोनाकोनाले देऊन पाह्यलं? अन् ज्याइले नाई देल्लं, त्याइचं काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. खाटेवर बसून त्यांनी सगळं नीट सांगितलं. जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हणाल्या. इसरूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग पोरीचा हात पुढे केला.