मुंगीचं माप

वर्गात त्याला पंडित म्हणायचे आणि त्यालाही ते गोड वाटायचं. सरकारी विद्यापीठ, इंजिनिअरिंग फिजिक्सचं दुसरं वर्ष, प्रयोगशाळेत एका टेबलाला दोघं. याच्या वाट्याला आली ती पोरगी, जिला सगळे मुंगी म्हणायचे. मोजेल, पुसेल, परत मोजेल! सुट्टीत प्रयोगशाळेच्या सरांच्या हाताखाली काम करायची एकच जागा होती आणि तिकडे मुंगी वर्षभर डोळे लावून बसली होती.

त्या दिवशी लेसरच्या लाल उजेडाची तरंगलांबी काढायची होती. पुस्तकात आकडा सहाशे तेहेतीस नॅनोमीटर. मुंगीचं उत्तर आलं साडेसहाशे. तिनं पुन्हा मोजलं, तर पुन्हा तेच.

"अगं बाई, हात थरथरतो तुझा," पंडित वैतागला. "पडदा अजून तीन सेंटिमीटर लांब होता असं लिहू. बघ, बसतंय की नाही उत्तर!"

"पण मी टेप दोनदा लावली रे."

"मग काय, पुस्तकवाले वेडे?"

त्यानं सांगितलं तसं तिनं लिहिलं.

सरांनी उत्तर पाहिलं आणि पंडितला बाजूला घेतलं. "मोजलं कुणी?"

"तिनं, सर." खरं बोलायला नेमकी हीच वेळ सापडली लेकाला!

"मोजलंच नाहीये तिनं. जुना लेसर गेला म्हणून काल मी त्याच पेटीत दुसरा बसवलाय. याचं उत्तर साडेसहाशे येतं. सुट्टीसाठी तिचंच नाव पक्कं करणार होतो मी. पण पुस्तकातलं उत्तर उतरवणारी पोरगी मला नको."

अरे, बोल ना मेल्या! एका वाक्याचं तर काम होतं. पण पंडितची नजर सरांच्या बुटांवरून वर उठेना. सर निघून गेले.

मुंगी टेबलाशी वायर गुंडाळत होती. "काय म्हणाले? माझंच चुकलं ना?"

लाज वाटली त्याला, इतकी की तिच्याकडे बघवेना. आत्ताच्या आत्ता सरांच्या मागे धावावं, सगळं सांगून टाकावं, असं फार वाटलं. पाय काही हलले नाहीत.

"सुट्टीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी देणार म्हणाले," तो कसाबसा बोलला.

तिनं गुंडाळलेली वायर खणात ठेवली. मग म्हणाली, "सॉरी रे, माझ्यापायी तुझेही मार्क गेले असतील. पुढच्या वेळी तूच मोज. मी नुसतं लिहीन."

"बरं," तो म्हणाला.