थिर्झाची मधली

उत्तर इंग्लंडमधल्या खाणीच्या एका गावात कुणालाही "कशी आहेस गं?" विचारा, उत्तर ठरलेलं: "मिडलिंग." म्हणजे मधलं. धड बरं नाही, धड वाईट नाही. अंगात ताप असला तरी मिडलिंग आणि मुलाला बढती मिळाली तरी मिडलिंग. त्यापुढची पायरी गावात कुणी चढत नसे. चांगलं म्हटलं की जमिनीखाली कुणीतरी ऐकतं, अशी बायकांची खात्री होती.

थिर्झाची तर पक्की खात्री. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भर नळावर ती एकदाच म्हणाली होती, "आमचं झकास चाललंय." त्याच आठवड्यात खाणीचं छत कोसळलं. नवरा वाचला, पाय गेला. तेव्हापासून तिच्या तोंडात केक मध्यम, हवा मध्यम, पाद्री मध्यम आणि तिन्ही मुलीही मध्यम. त्यातली मोठी एथेल लग्न करून कॅनडाला गेली, धाकटी डोरीन लीड्सला. मधली मॅविस आईपाशी राहिली, बापाचं शेवटपर्यंत केलं, आणि बत्तीस वर्षांची झाली तेव्हा रेल्वेतल्या नॉर्मन पेलिंगने तिला मागणी घातली.

नॉर्मन दक्षिणेकडचा, विधवा आईचा एकुलता एक. लग्नानंतर तिघं एकाच घरात राहणार होती. म्हणून शनिवारी दुपारी त्याची आई एकटीच मुलगी बघायला आली. थिर्झाने बाहेरच्या खोलीत शेगडी पेटवली, फुलांचे कप काढले. हॅम, वाटाण्याचं पुडिंग, तव्यावरचा बेदाण्यांचा केक, सगळं मॅविसने केलं होतं.

"केक सुंदर झालाय," मिसेस पेलिंग म्हणाल्या.

"मध्यम आहे," थिर्झा म्हणाली.

"मुलीने केला ना?"

"तिनेच. हात मध्यम आहे तिचा."

"आणि स्वभाव?"

"तोही मध्यमच."

मिसेस पेलिंगनी कप खाली ठेवला. "तब्येत तरी?"

"मध्यम. एवढ्यात मोडायची नाही."

मॅविस चहाची किटली धरून उभी होती. मिसेस पेलिंगनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि थिर्झाकडे वळल्या. "आमच्याकडे आई लेकीचं कौतुक करायला लागली की पाहुण्यांना पळता भुई थोडी होते. तुम्हाला एक चांगला शब्द सापडेना? मला एकच मुलगा आहे हो. काही लपवण्यासारखं असेल तर आत्ताच सांगा."

हे ऐकून थिर्झाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लपवायचं काय? ही समोर उभी आहे. बघून घ्या की."

"बघितलं. माझ्या बसची वेळ झाली." आणि हातमोजे चढवत बाई निघून गेल्या.

मॅविस बशा गोळा करू लागली. रडली असती तर थिर्झाला बरं वाटलं असतं, ओरडता तरी आलं असतं.

"जाऊ दे तिला," थिर्झा म्हणाली. "नाकाने कांदे सोलणारी बाई! आपली बोलायची रीत नाही कळली तिला."

"तिला कशी कळणार, आई?" मॅविस हळूच म्हणाली. "मी बत्तीस वर्षं मनाला सांगतेय, आई मध्यम म्हणते म्हणजे चांगलंच म्हणते. पण एखाद वेळी वाटतं, मध्यम म्हणजे मध्यमच असलं तर? तिकडे मी नको, आणि इकडेही मी अशीच."

थिर्झाने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि भीतीने तिथेच थिजला. ती तशीच उठली आणि एप्रन न सोडता, पायात घरातल्या सपाता, रस्त्याला लागली.

बसथांब्यासमोरच खाटकाचं दुकान. शनिवारची रांग पार बाहेरपर्यंत आलेली. शेजारची बेला ओरडली, "अगं थिर्झा, सपाता घालून कुठे? घराला आग लागली का?"

"तुझ्या तोंडाला लागो!" थिर्झा म्हणाली आणि मिसेस पेलिंगसमोर जाऊन उभी राहिली. धाप लागली होती. तिने थांब्याचा लाकडी खांब घट्ट धरला.

"मॅविस चांगली आहे," ती म्हणाली.

रांगेतली कुजबुज एकदम थांबली. खाटकाचा सुरासुद्धा.

"काय म्हणालात?"

"बहिरी आहात का? चांगली आहे म्हटलं. माझ्या नवऱ्याला खोकल्याची उबळ आली की तो मला नाही, तिला हाक मारायचा. तिने पाठीवर हात ठेवला की त्याला झोप लागायची. मला राग यायचा त्याचा. ती कामावरून परत येते तेव्हा मी दाराकडे बघत नाही, पण गल्लीत तिचं पाऊल वाजलं की माझा जीव भांड्यात पडतो. माझ्या घरातलं सगळ्यात चांगलं माणूस आहे ते. नको असेल तर नका नेऊ, मी काही पदर पसरायला आले नाही. पण मध्यम समजून टाकून जाऊ नका."

मिसेस पेलिंग एक पाऊल पुढे आल्या. "अहो, मग हे मघाशी का नाही बोललात?"

"ती ऐकत होती ना!"

"आत्ताही ऐकतेय."

थिर्झाने वळून पाहिलं. मागे मॅविस उभी होती, एका हातात आईचा कोट, दुसऱ्या हातात बूट. नाक लाल झालेलं.

बस आली. मिसेस पेलिंगनी ड्रायव्हरला हातानेच जा म्हटलं. "तो केक अर्धाच राहिलाय माझा. पुढच्या बसने जाईन."

मॅविस फुटपाथवरच गुडघे टेकून आईच्या पायात बूट चढवू लागली. "काय बोलून बसलीस गं," ती पुटपुटली, आणि नाडी काही तिला बांधता येईना.

थिर्झा तशीच घराकडे वळली. एवढं मोठं उघड्यावर बोलून झालं होतं, आता काय काय कोसळेल याचा नेम नव्हता. रस्ता ओलांडताना तिने दोन्हीकडे चारचारदा पाहिलं. बत्तीस वर्षांच्या लेकीचा हात मुठीत असा आवळला, की मिसेस पेलिंगना त्यांच्या मागून एकटीनेच यावं लागलं. घराच्या पायरीपाशी आल्यावरसुद्धा थिर्झाने तो सोडला नाही.

"आई, आता सोड. चहा ठेवायचाय."

"ठेवशील," थिर्झा म्हणाली. "आधी नीट आत चल."