कार्थेजची लक्ष्मी

नीलांबरीकाकूंनी नाण्यावर चिंचेचा कोळ ओतला, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि भांडी घासायच्या स्पंजाची हिरवी, खरखरीत बाजू त्याला लावली, तेव्हा ज्ञानदेव त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. 'नको' एवढी दोनच अक्षरं उच्चारायची होती. पण तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प राहिला, आणि वर हसलासुद्धा.

"बघा हं डीके, आता कशी उजळते ती," काकू म्हणाल्या. "काय मळ साचलाय हो हिच्यावर."

मळ बावीसशे वर्षांचा होता, साचणारच.

ज्ञानदेव अमेरिकेत, चँडलर गावच्या एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मराठी मंडळात त्याला सगळे डीके म्हणत. आडनाव कुणी विचारलंच तर "नागपूरकर म्हणा हवं तर," म्हणून हसायचा आणि विषय हवामानावर न्यायचा. चँडलरच्या हवामानात बोलण्यासारखं काय असतं, ऊन एके ऊन, पण तो बोलत राहायचा. जुन्या नाण्यांचा नाद त्याला डगनं लावला होता. डग त्याच कारखान्यातून रिटायर झालेला, ऐंशीच्या घरातला एकटा माणूस. आणि आता काकूंच्या सिंकमध्ये होतं ते नाणं डगचं होतं.

दिवाळीच्या शनिवारी काकूंच्या मुलाकडे मंडळाची पूजा होती. त्याआधी पोरांना जरा इतिहास सांगा, म्हणून ज्ञानदेवला बोलावलं होतं. डगनं आपणहून ते नाणं काढून दिलं होतं. पोरांना ज्ञानदेवनं छान रंगवून सांगितलं. कार्थेज नावाचं राज्य होतं, रोमशी त्याची लढाई जुंपली होती, सैन्याला पगार द्यायला चांदी हवी होती. नाणी वितळवून नवी पाडायला सवड कुणाला? दुसऱ्यांचीच नाणी घेतली, तापवली आणि वरून आपला शिक्का ठोकला. एका बाजूला देवीचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडा. पण घाईत ठोकलेला शिक्का तो, खालचं सगळं थोडंच पुसलं जातं! या घोड्याच्या मानेखाली आधीच्या नाण्यावरचा चेहरा राहून गेला होता, कपाळ, नाक आणि वरचा ओठ. रेघांत काळपट थर बसला होता म्हणून तो दिसायचा. डगला तो सापडायला कित्येक वर्षं लागली होती. घोडेवाली नाणी काय, पैशाला पासरी मिळतात, तो म्हणायचा. या नाण्याचा जीव त्या चेहऱ्यात आहे.

काकूंनी मात्र दुसरीच बाजू बघितली. चांदीचं, जुनं, आणि वर देवीचं तोंड. त्यांचे डोळे भरून आले.

"ही तर लक्ष्मीच की हो," त्या म्हणाल्या. "आज चौरंगावर हीच बसवू या. तुमच्याकडची पूजा झाली ना?"

"झाली की," ज्ञानदेव म्हणाला.

त्याची बायको संघमित्रा मागेच उभी होती, हातात फराळाची ताटली घेऊन.

आता खरं सांगायचं तर वाट अगदी सोपी होती. नाणं दुसऱ्याचं आहे काकू, धुवायचं नसतं, एवढं म्हटलं असतं तर काकूंनी लगेच हात जोडून ते परत दिलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. ज्ञानदेवला वाटलं, आपण नाही म्हणालो की त्या 'का' म्हणतील, आणि एक 'का' आला की त्यामागून दुसरा येईल, आणि शेवटी आडनावापाशी येऊन थांबेल. अमेरिकेत आला तेव्हा सनीव्हेल गावात चौघे मराठी मुलगे मिळून राहायचे. एकदा आडनाव कळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं ताट, वाटी, पेला कुणी काही न बोलता वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं होतं. तेव्हापासून तो डीके झाला. त्यानं नाणं स्वतःच्या हातानं काकूंच्या ओंजळीत ठेवलं.

नाणं आरशासारखं लख्ख निघालं. काकूंनी त्याला हळदीकुंकू लावलं. ज्ञानदेवनं वाकून घोड्याची बाजू बघितली. मानेखाली नुसती चकाकी होती. मग आरती झाली. दीक्षेच्या वर्षी ज्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, त्यांचा नातू टाळ्या वाजवत होता. संघमित्रा बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

घरी जाताना तिनं नाण्याचा विषयच काढला नाही.

"झाली की, म्हणालात," ती म्हणाली. "आपल्या घरी? कुणी केली पूजा?"

ज्ञानदेवला शरमेनं गाडीतून उतरून जावंसं वाटलं. आपण तिचा, तिच्या आईबापांचा, स्वतःच्या आजोबांचा अपमान केला, आणि तोही कुणी धमकावलं म्हणून नाही, कुणी प्रेमानं विचारलं म्हणून. मंडळातलं कुणी घरी येणार असलं की आतल्या खोलीतली बाबासाहेबांची तसबीर दाराआड जायची. संघमित्रानं आजवर ते चालवून घेतलं होतं, तुमच्या मनाची तयारी होईल तेव्हा होईल म्हणून.

रविवारी दोघं डगकडे गेली. संघमित्रा मुद्दाम बरोबर आली. डगनं नाणं दिव्याखाली धरलं, भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. ज्ञानदेवनं तोंड उघडलं ते काय बोलायला? एक म्हातारी बाई आहे, तो म्हणाला, तिला यातलं कळत नाही, धार्मिक आहे, तिनं घेतलं आणि घासलं. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं. नाणं घालवलं ते घालवलं, आता काकूंनाही आगीत ढकलत होता.

"म्हणजे तिनं तुझ्या हातातून ओढून घेतलं?" डगनं विचारलं.

ज्ञानदेवनं संघमित्राकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "मी दिलं. नाही म्हणालो असतो तर आम्ही कोण, ते सांगावं लागलं असतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, भांड्यांचा कप्पा, आडनाव, आजोबा. इंग्रजीत ते भराभर सांगून झालं. डगनं शांतपणे ऐकलं, पण त्यातलं वजन त्याला कळेना, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं नाणं डबीत ठेवलं. त्या बाईंना काही सांगू नकोस, तो म्हणाला, उगाच मनाला लावून घेतील.

एवढा मोठेपणा ज्ञानदेवला सोसवेना. डगला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, फुकटचं धैर्य. हे त्याला जिना उतरतानाच कळलं. संघमित्रानंही कौतुक केलं नाही. आणि आता तर काकूंशी न बोलायला त्याला चांगलं कारणच मिळालं होतं.

परतीच्या वाटेवर काकूंचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर. आवाज आनंदानं फुललेला होता. सगळ्यांना लक्ष्मी फार आवडली, पुढच्या वर्षीही तीच आणा, मी सगळ्यांना सांगूनही टाकलंय, आणि संघमित्राला म्हणावं चकल्या न्यायच्या राहिल्या. ज्ञानदेवनं गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली.

"काकू," तो म्हणाला, "आमच्याकडे लक्ष्मीपूजन होत नाही. काल मी खोटं बोललो. आम्ही बौद्ध आहोत. माझं आडनाव खोब्रागडे."

नाण्याचं काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही.

काकूंच्या पाठीमागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" काकूंनी विचारलं. आवाज दुखावलेला होता, की नुसताच सावध झाला होता, कळत नव्हतं. "मी काय केलं असतं?"

काहीच नाही काकू, असं म्हणायची पद्धत आहे. ज्ञानदेवच्या ते ओठावर आलंही होतं. पण त्यांनी काय केलं असतं हे त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि त्यांनाही माहीत नसावं. ते कळून घ्यायची संधी त्यानं इतक्या वर्षांत त्यांना दिलीच नव्हती. त्यानं ते म्हटलं नाही.

काकूंनी फोन ठेवला नाही. संघमित्रानं हात पुढे करून गाडीचा एसी बंद केला, पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून.