सुवर्णाच्या खांद्यावरचा दांडा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज पाहून नाक मुरडू नका. मी व्यायामाचा लोखंडी दांडा आहे. दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या चढवून लोक मला खांद्यावर घेतात आणि उठाबशा काढतात. १९९४ साली सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी घडलो आणि तिथून थेट मल्हारी वस्तादांच्या तालमीत आलो.

वस्ताद जुने पैलवान. तालमीतली बैठक चवड्यांवर मारतात, खाली जाताना टाचा उचलतात. पण मला खांद्यावर घेऊनही सगळे तसेच बसू लागले! मग मी पुढे झुकायचो आणि त्यांचे गुडघे कुरकुरायचे. मी सांगणार कसा? लोखंडाला तोंड नसते.

काही वर्षांनी मखमलाबादच्या मळ्यातली सुवर्णा तालमीत आली. तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत वजन उचलायचे होते. पण तिचाही गुडघा धरला. तिची आई सुमनबाई तालमीत येऊन म्हणाली, "पुन्हा गुडघा दुखला तर हे लोखंड बंद. मळ्यात काम कोण करंल?"

त्यावर सुवर्णा वस्तादांकडे वळली. "वस्ताद, मेथी खुडताना मी दिवसभर उकिडवी बसते. तवा टाचा जमिनीवर असतात, गुडघा दुखत नाय. मग इथंच का उचलायच्या?"

"बैठक म्हंजी चवड्यावरच!" वस्ताद गरजले. मग तिच्या पायांकडे पाहू लागले. त्यांनी माझ्या चकत्या उतरवल्या, मला तिच्या खांद्यावर ठेवले आणि एवढा धिप्पाड माणूस तिची पावले पाहायला चक्क पोटावर आडवा झाला.

"टाचा टेकव. मागं पाट हाय असं समजून कंबर मागं ने. छाती वर. गुडघे पावलांच्या दिशेनं."

ती बसली, उठली. मी सरळ खाली गेलो, सरळ वर आलो.

"माझंच चुकत होतं, पोरी," वस्ताद म्हणाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग कितीतरी दिवस ती मला एकट्यालाच घेऊन सराव करायची. "रिकामा दांडा!" म्हणून पोरे हसत. मला असा राग यायचा! पण सुवर्णा हसण्यावारी नेई आणि हळूहळू वजन वाढवी.

स्पर्धा आमच्याच तालमीत झाली. दोनदा ती पुरेशी खाली गेली नाही, पंचांनी नकार दिला. आता तिसरी, शेवटची संधी होती. सुवर्णाने श्वास भरला. ती खाली गेली, आणखी खाली गेली. टाचा तसूभरही हलल्या नाहीत. आणि मग ती उठली! तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य! मी चकत्यांसकट खणखणलो.

सुमनबाई धावत आली. "गुडघा गं?"

"नाय दुखला, आई!"

सुमनबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि वस्तादांना म्हणाली, "मला बी शिकवा. भाजीच्या जुड्या उचलून कंबर गेली माझी."

मित्रांनो, ताकद कमवायला जरूर या. पण आधी नीट बसायला शिका, मग माझ्यावर हवे तेवढे वजन चढवा. मी पेलायला तयार आहे.